दोन बारीक रेघा

पिटमनच्या लघुलिपीत कॅपिटल अक्षर नसतं. माणसाचं किंवा गावाचं नाव आलं की त्या आकृतीखाली दोन बारीक रेघा ओढायच्या, म्हणजे नंतर टाइप करताना घोळ होत नाही. कोर्टात स्टेनो म्हणून तीस वर्षं काढली, त्यात अशा किती रेघा ओढल्या असतील देव जाणे. एकदाच विसरले, आणि तेवढंच लक्षात राहिलं.

जिल्हा कोर्टातली गोष्ट. जुलै महिना, लाइट गेलेली. साहेबांच्या चेंबरमध्ये खिडकीपाशी खुर्ची ओढून मी डिक्टेशन घेत होते. अपील नुकसानभरपाईच्या दाव्याचं होतं. एका संस्थेच्या आवारात बिनकठड्याची विहीर. पावसाळ्यात भोवती गवत माजलेलं. तिन्हीसांजेला म्हैस शोधत आलेला एक पोरगा आत पडला, तो वर आलाच नाही. संस्थेच्या वकिलांचा सगळा भर एकाच मुद्द्यावर : या पंचक्रोशीत कुठल्याच विहिरीला कठडा नाही, मग आमचाच तेवढा हलगर्जीपणा कसा? साहेब येरझाऱ्या घालत सांगत होते, मी लिहीत होते. मध्येच ते म्हणाले, "ॲज ऑब्झर्व्ह्ड बाय लर्नेड हँड, जे..."

आता आमच्याकडे 'लर्नेड' हा शब्द दिवसातून पन्नास वेळा येतो. लर्नेड जज, लर्नेड कौन्सेल, समोरच्याला मनातून शिव्या घालत असले तरी माय लर्नेड फ्रेंड. मला वाटलं, साहेब आज काहीतरी अलंकारिक बोलतायत. कुणातरी न्यायाधीशाचा ('जे' म्हणजे जज) 'विद्वान हात'. रेघा काही ओढल्या नाहीत. टाइप करताना दोन्ही शब्द लहान अक्षरांत गेले, आणि वाक्य बरं दिसावं म्हणून आधी एक 'द'ही मी पदरचा लावला. 'द लर्नेड हँड'.

साहेबांनी ड्राफ्ट वाचला, हिरव्या शाईचं पेन उचललं आणि हसायलाच लागले. "अहो बाई, हे माणसाचं नाव आहे."

"असं कुणाचं नाव असतं का साहेब?"

"असतं. आईचं माहेरचं आडनाव. अमेरिकेत होता. फार मोठा जज, पण सुप्रीम कोर्टात काही गेला नाही."

शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. तेव्हा बार रूममध्ये चर्चा होती की साहेबांचं नाव वर गेलंय. हायकोर्टासाठी. आमच्यात एवढंच म्हणतात, 'नाव वर गेलंय'. कुणी पाठवलं, कुठे अडकलं, काही बोलायचं नाही.

निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर मी या माणसाचे निकाल वाचायला घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांचे निकाल टाइप केले, तेव्हा वाचायची उसंत नव्हती. टाइप करणं आणि वाचणं यांत फार फरक आहे. टाइप करताना अर्थ बोटांतून जातो, डोक्यात थांबत नाही.

पूर्ण नाव बिलिंग्ज लर्नेड हँड. जन्म २७ जानेवारी १८७२, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीचा. घराण्यात वकिली मुरलेली : आजोबा न्यायाधीश, वडील सॅम्युएल नावाजलेले वकील, तेही थोडे दिवस राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात बसलेले. वडील गेले तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा. जिवंत बापाची बरोबरी एक वेळ करता येते, गेलेल्या बापाची कशी करणार? तो बोचरा न्यूनगंड त्यांना जन्मभर पुरला. हार्वर्डला गेले ते तत्त्वज्ञान शिकायला. विल्यम जेम्स, जोसाया रॉइस, सँतायाना अशी मंडळी शिकवायला होती. पोरगा त्यातच रमला असता, पण घरची रीत कायद्याची. १८९६ साली वकील होऊन ऑल्बनीला परतले आणि कंटाळले. १९०२ मध्ये लग्न केलं आणि न्यूयॉर्क शहरात आले, तिथेही वकिलीचा जम असा बसला नाही. अशिलाची बाजू रेटून मांडायला लागते ती खात्री या माणसापाशी कुठल्याच बाबतीत नव्हती. वकिलाला हा दोषच. न्यायाधीशाला मात्र भांडवल म्हणून चालतो.

मग १९०९ साली ते न्यायाधीश कसे झाले? माझा जन्म बदल्या, परीक्षा आणि गोपनीय अहवाल बघण्यात गेलेला. मला ही अमेरिकेतली रीत वाचून गंमत वाटली. परीक्षा नाही, मुलाखत नाही. चार्ल्स बर्लिंगहॅम म्हणून न्यूयॉर्कचे वजनदार वकील होते, चांगली माणसं बाकावर बसवायचा त्यांना नादच होता. त्यांनी शब्द टाकला, ॲटर्नी जनरल विकरशॅम यांनी तो उचलला, राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी नाव पाठवलं, सेनेटनं संमती दिली. सदतीसाव्या वर्षी हँडसाहेब (मी मनातल्या मनात त्यांना हँडसाहेबच म्हणते) न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याचे संघीय न्यायाधीश झाले. वर्षाला सहा हजार डॉलर पगार आणि नेमणूक तहहयात. निवृत्तीचं वयच नाही! आमच्या साहेबांच्या सर्व्हिस बुकात जन्मतारखेशेजारी निवृत्तीची तारीख पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती.

तिथली उतरंड आपल्यासारखी नाही. खाली जिल्हा न्यायालय, वर सुप्रीम कोर्ट आणि मधोमध १८९१ च्या कायद्यानं आलेली 'सर्किट' अपील न्यायालयं. एकेका सर्किटकडे काही राज्यं. न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि व्हरमाँट मिळून दुसरं सर्किट. तीन न्यायाधीश एकत्र बसतात आणि खालच्या कोर्टाचं चुकलं की बरोबर ते पाहतात. सुप्रीम कोर्ट मोजक्याच प्रकरणांत हात घालतं, त्यामुळे बाकीच्या पक्षकारांसाठी हे मधलं कोर्टच शेवटचं. हँडसाहेबांची नजर तिथल्या खुर्चीवर होती. नव्हती असं कशाला म्हणायचं? न्यायाधीश झाला म्हणून माणूस संन्यासी होत नाही.

पण आपल्या वाटेत काटे टाकायची त्यांना हौस होती. ज्या टॅफ्टनी नेमलं, त्यांच्याच विरोधात १९१२ साली थिओडोर रूझवेल्टच्या प्रोग्रेसिव्ह पक्षामागे गेले. पुढच्या वर्षी, जिल्हा न्यायाधीश असतानाच, त्या पक्षाकडून राज्याच्या अपील न्यायालयाची निवडणूक लढवली आणि हरले. बसल्या न्यायाधीशानं निवडणुकीला उभं राहायचं हे वाचून मी चष्मा काढून पुसला. टॅफ्ट ते विसरले नाहीत. पुढे टॅफ्ट स्वतःच सरन्यायाधीश झाले, आणि १९२२ साली सुप्रीम कोर्टासाठी हँड यांचं नाव निघालं तेव्हा त्यांनी राष्ट्राध्यक्ष हार्डिंगना कळवलं की हा माणूस तिथल्या उदारमतवादी न्यायमूर्ती ब्रँडाइसच्या कळपात जाऊन बसेल. झालं. नाव खाली.

तोवर त्यांनी आणखी एक मोठा काटा टाकून ठेवला होता.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. जूनमध्ये हेरगिरीविरोधी कायदा आला. सैन्यात बेदिली माजवणं, भरतीत अडथळा आणणं हे गुन्हे, आणि तसला मजकूर टपालानं पाठवायला बंदी. न्यूयॉर्कमध्ये 'द मॅसेस' नावाचं डाव्या विचारांचं मासिक निघे, संपादक मॅक्स ईस्टमन. ऑगस्टचा अंक टपालात टाकायला नेला तर पोस्टमास्टर पॅटननी तो घ्यायचं नाकारलं. आक्षेप चार व्यंगचित्रांवर आणि चार मजकुरांवर. एका चित्रात तोफेला बांधलेला तरुण, एकात तडे जाऊन मोडलेली स्वातंत्र्याची घंटा. सरकारचं म्हणणं साधं होतं : हे वाचून लोकांचं मन युद्धातून उडेल, मन उडालं की भरती कमी होईल.

मासिक हँडसाहेबांच्या कोर्टात आलं. देशात युद्धज्वर चढलेला. दुसऱ्या सर्किटमध्ये जागा निघणार होती आणि नावांत त्यांचंही नाव होतं. अशा वेळी काय करायचं असतं, हे कुठल्याही कोर्टातला पट्टेवालासुद्धा सांगेल : लांबची तारीख द्यायची. त्यांनी २४ जुलैला निकाल दिला, मासिकाच्या बाजूनं. कायद्याचा शब्द न् शब्द उलगडून त्यांनी विचारलं की या मजकुरात कायदा मोडा असं थेट सांगितलंय का? नाही. मग लोकांच्या मनात असंतोष निर्माण होईल एवढ्यावर बंदी घालायची तर सरकारवरची सगळीच टीका बंद करावी लागेल. शब्दांचा परिणाम काय होईल याचा अंदाज करायचा नाही, शब्द काय सांगतायत ते बघायचं. बायकोला त्यांनी पत्रात लिहिलं होतं की निर्भीड न्यायव्यवस्था वगैरे जुनी पोपटपंची, पण कधीकधी तिला खरंच अर्थ असतो.

हे वाचताना आपल्याकडच्या माणसाला मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. १८९७ साली टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं होतं की 'डिसअफेक्शन' म्हणजे प्रीतीचा अभाव. सरकारवर प्रेम नाही, एवढं पुरे! त्याच खटल्यात टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर दावर १९०८ साली न्यायमूर्ती म्हणून समोर बसले आणि त्यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली. हायकोर्टाच्या ४६ नंबरच्या कोर्टाबाहेरची टिळकांच्या शब्दांची ती पाटी मी एकदा खात्याच्या कामाला मुंबईला गेले तेव्हा उभी राहून वाचलीय. पण तिसरा प्रसंग लोक विसरतात. १९१६ साली टिळकांकडून त्यांच्या भाषणांवरून जामीनकतबा, म्हणजे चांगल्या वर्तनाची लेखी हमी, मागितला गेला, जिनांनी बाजू मांडली आणि न्यायमूर्ती बॅचलर व शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण तुकड्यातुकड्यांनी नव्हे, सगळं मिळून वाचायचं, असं म्हणून. हँडसाहेबांच्या कानावर यातलं काही गेलं असण्याचं कारण नाही. तरी एका वर्षाच्या अंतरानं दोन समुद्रांपलीकडचे न्यायाधीश तोच कागद हातात धरून बसले होते असं वाटतं.

हँड यांचा निकाल टिकला नाही. सर्किटच्या न्यायाधीशानं त्याला लगेच स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये अपिलात तो उलटला. मधल्या काळात टपालखात्यानं कमाल केली. ऑगस्टचा अंक टपालानं गेलाच नाही, म्हणजे हे 'नियमित' नियतकालिक राहिलं नाही, म्हणून सवलतीचा दर बंद! आधी पाय बांधायचे आणि मग चालत का नाही म्हणून विचारायचं. वर्ष संपेपर्यंत मासिक बंद पडलं. संपादकांवर फौजदारी खटला भरला गेला, आणि तो १९१८ साली पहिल्यांदा चालला कोणापुढे? हँडसाहेबांचे चुलतभाऊ ऑगस्टस हँड यांच्यापुढे. ज्यूरीचं एकमत झालं नाही, दोन्ही वेळा.

आणि सर्किटमधली ती जागा? ती १९१८ साली मार्टिन मॅन्टनला मिळाली. याला अहोजाहो करायला माझी जीभ वळत नाही. हँड यांच्यानंतर सात वर्षांनी, १९१६ मध्ये, जिल्हा न्यायाधीश झालेला, सदतीस वर्षांचा, राजकारणात उठबस असलेला. सेवाज्येष्ठता डावलणं म्हणजे काय हे ज्यांनी सरकारी नोकरी केलीय त्यांना सांगायला नको.

हँडसाहेब सहा वर्षं थांबले. १९१८ च्या जूनमध्ये रेल्वेत त्यांना सुप्रीम कोर्टाचे वृद्ध न्यायमूर्ती होम्स भेटले. बोलणं निघालं मतभेद सहन करण्यावर, आणि घरी गेल्यावर हँड यांनी तो वाद पत्रानं पुढे चालू ठेवला. होम्स आधी बधले नाहीत. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये एब्रम्स खटल्यात भाषणस्वातंत्र्यावर त्यांनी ते गाजलेलं भिन्नमत लिहिलं. हँड यांच्या पत्रांचा त्यात कितपत वाटा यावर विद्वान भांडत असतात. मी स्टेनो आहे, मला एवढंच ठाऊक की साहेबांशी वाद घालणारं कुणी आसपास असलं की ड्राफ्ट बदलतो.

१९२४ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी अखेर त्यांना दुसऱ्या सर्किटवर नेमलं. बावन्न वर्षांचे होते. तीन वर्षांनी चुलतभाऊ ऑगस्टसही तिथे आले. दोन हँड एकाच बाकावर. वकिलांत म्हण पडली की उद्धृत करावं लर्नेडला, पण चालावं ऑगस्टसच्या मागे. या कोर्टाची एक पद्धत मला फार आवडली. युक्तिवाद ऐकल्यावर तिघं लगेच चर्चेला बसत नसत. प्रत्येकजण आपापल्या खोलीत जाऊन स्वतंत्र टिपण लिही, ती टिपणं एकमेकांकडे जात, मग बैठक. म्हणजे ज्येष्ठानं घसा खाकरला आणि बाकीच्यांनी मान हलवली, हा प्रकारच नाही. हँडसाहेब लिहीत ते हातानं, मांडीवर फळी घेऊन. खोड, पुन्हा लिही, पुन्हा खोड. तरुण मदतनीस समोर बसलेला, त्याचं काम मसुद्याच्या चुका काढायचं. आमच्याकडे मी साहेबांची चूक काढली तर... असो. आमच्या साहेबांची एकदा काढली होती, ते नंतर सांगते.

त्यांच्या नावावर सुमारे चार हजार निकाल आहेत म्हणतात. त्यांत पेटंट, दिवाळखोरी, इन्कमटॅक्स, नागरिकत्व आणि बोटी. न्यूयॉर्क बंदर जवळ, त्यामुळे बोटींचे दावे ढिगानं. गोव्यात मांडवीतून खनिज नेणारे बार्ज ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल : स्वतःचं इंजिन नसलेलं सपाट बार्ज, ओढायला पुढे टग. १९२८ च्या मार्चमध्ये असे दोन टग कोळशाची बार्जं घेऊन नॉरफोकहून न्यूयॉर्ककडे निघाले. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापाशी वादळात दोन बार्जं बुडाली. रेडिओवर वादळाचा इशारा दिला गेला होता, ज्या टगांवर चालता रेडिओ होता ते आडोशाला गेले. या दोघांवर चालता रेडिओ नव्हता. टगमालक म्हणाले, रेडिओ ठेवायची आमच्या धंद्यात रीतच नाही. हँडसाहेबांनी १९३२ साली सांगितलं की सबंध धंदाच मागे राहिलेला असू शकतो. काय काळजी घ्यायला हवी ते शेवटी कोर्ट ठरवेल, रीत नव्हे.

बघा, आमच्या विहिरीचंच उत्तर. पंचक्रोशीत कठडे नाहीत ना? मग पंचक्रोशी चुकली.

साहेबांनी त्या दिवशी डिक्टेशनमध्ये दुसराही निकाल घेतला होता, १९४७ चा. 'ॲना सी' नावाचं पिठानं भरलेलं बार्ज, युद्धाचे दिवस, बंदरात खेटाखेट. शेजारचे दोर हलवताना ते सुटलं, वाहत जाऊन एका टँकरच्या पंख्यावर आदळलं, तळाला भोक पडलं. वर माणूस असता तर कळलं असतं, पंप लावून वाचवता आलं असतं. पण राखणदार आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला उतरून गेला होता तो एकवीस तास आलाच नाही, आणि साक्षीत त्यानं कुठे होतो याची रचलेली गोष्ट सांगितली. (सगळीकडची साक्षीदार मंडळी सारखीच.) मग मालकाचा दोष किती? हँडसाहेबांनी चक्क बीजगणित मांडलं. अपघात होण्याची शक्यता गुणिले झाल्यास होणारं नुकसान. काळजी घ्यायचा खर्च याहून कमी असेल आणि तरी घेतली नसेल, तर तो हलगर्जीपणा. आपल्याकडच्या लॉ कॉलेजातही हे सूत्र शिकवतात. कठड्याला किती दगड, किती सिमेंट, मजुरी किती, हे आमच्या खटल्यात ओव्हरसियरनं उलटतपासणीत सांगितलं होतं. साहेबांनी तो आकडा एका ओळीत घेतला. दुसऱ्या बाजूला काय मांडायचं तिथे मात्र थांबले. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मी पेन्सिल धरून बसले होते.

सूत्राला ही अडचण आहेच, आणि हँडसाहेबांनाही ती ठाऊक होती, नंतर त्यांनीच लिहिलं की या गोष्टी मोजता येत नाहीत.

मला त्यांचा जो निकाल वाचून रात्री झोप आली नाही तो वेगळाच, तोही १९४७ चा. रेपुइल नावाचा माणूस. तेरा वर्षांचा मुलगा, जन्मापासून आंधळा, मुका, अंथरुणाला खिळलेला. आणखी चार मुलं. १९३९ च्या ऑक्टोबरमध्ये बापानं त्याला क्लोरोफॉर्म देऊन मारलं. ज्यूरीनं दोषी धरलं, पण दयेची शिफारस केली, आणि कोर्टानं प्रत्यक्ष तुरुंगात धाडलं नाही. पाच वर्षांनी त्यानं नागरिकत्वासाठी अर्ज केला. आधीची पाच वर्षं 'सद्वर्तन' लागतं, आणि याचा अर्ज काही दिवस आधी पडलेला! थोडा थांबला असता तर प्रश्नच आला नसता. हँडसाहेबांपुढे प्रश्न, हा माणूस सद्वर्तनी का? त्यांनी स्वतःचं मत लादलं नाही. सामान्य लोकांची नीती काय म्हणते ते बघायचं, म्हणाले, आणि ती काय म्हणते हे आम्हाला खात्रीनं सांगता येत नाही. अर्ज नाकारला, पण तो आता पुन्हा अर्ज करू शकतो, हेही लिहून ठेवलं. सहकारी न्यायाधीश जेरोम फ्रँक यांना हे पटलं नाही, असा अंदाज करत बसण्यापेक्षा नीट चौकशी करा, असं त्यांचं म्हणणं. मला फ्रँक बरोबर वाटतात. हँडसाहेबांची ती न ठरवण्याची खोड इथे त्या बापाच्या अंगावर आली.

मॅन्टनचं राहिलं. तो दुसऱ्या सर्किटचा ज्येष्ठ न्यायाधीश झाला होता, म्हणजे हँडसाहेब त्याच्या हाताखाली म्हणा ना. त्याचे धंदे होते, १९२९ च्या मंदीत ते खड्ड्यात गेले, आणि मग पक्षकारांकडून 'कर्ज' घेणं सुरू झालं. १९३९ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे सरकारी वकील थॉमस ड्यूई यांनी सगळं काँग्रेसच्या समितीला लिहून कळवलं. मॅन्टननं राजीनामा दिला, खटला झाला, दोन वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड. लुइसबर्गच्या तुरुंगात एकोणीस महिने काढले. त्याच्या जागी ज्येष्ठ न्यायाधीश कोण, तर लर्नेड हँड. वय सदुसष्ट.

ही गोष्ट इथे थांबवली तर कीर्तनात शोभेल. पण पुढे आणखी दोन पानं आहेत. १९४२ साली सुप्रीम कोर्टात जागा होती. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी फ्रँकलिन रूझवेल्टचा पिच्छा पुरवला, हँडना घ्या म्हणून. पण पाच वर्षांपूर्वी याच रूझवेल्टनी सत्तरीपुढच्या न्यायाधीशांविरुद्ध रान उठवलं होतं, आता सत्तर वर्षांचा माणूस कसा नेमणार? शिवाय शिफारशीचा मारा इतका झाला की राष्ट्राध्यक्ष वैतागले, असंही सांगतात. वायली रुटलेज यांना जागा मिळाली. उतारवयात हँडसाहेबांनी कबूल केलं की त्या जागेची त्यांना मनापासून आस होती, आणि लाज याची वाटते की ओढ कामाची कमी, मानाची जास्त होती. असं लिहायला काय लागत असेल!

आणि १९५०. कम्युनिस्ट पक्षाचे अकरा पुढारी, सरकार उलथवण्याची शिकवण देण्याचा कट केल्याचा आरोप. 'मॅसेस'चा न्यायाधीश आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्यांनी शिक्षा कायम केली. अरिष्ट किती मोठं आणि ते घडण्याची शक्यता किती, हे तोलायचं, असं लिहिलं. म्हणजे बार्जचंच गणित, भाषणाला लावलेलं! १९१७ साली परिणामांचा अंदाज करू नका म्हणणारा माणूस ३३ वर्षांनी अंदाजच करत बसला. त्यांची बाजू घेणारे म्हणतात, वरच्या कोर्टाचे निकाल त्यांना बंधनकारक होते. असतील. मी ते निकालपत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मला बरं वाटलं नाही. ते गेले १८ ऑगस्ट १९६१ ला, एकोणनव्वदाव्या वर्षी, जवळजवळ शेवटपर्यंत काम करत. पुढच्या वर्षी आपल्या सुप्रीम कोर्टानं केदारनाथ सिंह खटल्यात राजद्रोहाचं कलम हिंसेच्या, अराजकाच्या चिथावणीपुरतं आवळलं. १९६९ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानंही ब्रँडनबर्ग खटल्यात चिथावणीचाच निकष लावला. तरुण हँड जिंकले म्हणायचं, म्हाताऱ्या हँडविरुद्ध.

आमच्या साहेबांचं नाव तीनदा वर गेलं म्हणतात. ते जिल्हा न्यायाधीश म्हणूनच निवृत्त झाले. निरोपसमारंभात बारच्या अध्यक्षांनी भाषणात 'लर्नेड' सात वेळा म्हटलं, मी मोजत होते. विहिरीचा निकाल हायकोर्टानं कायम केला, भरपाई थोडी वाढवलीसुद्धा. बार्जचा उल्लेख त्या निकालपत्रात कुठेच नव्हता.

त्या जुलैमधल्या दिवशी ड्राफ्ट दुरुस्त करून झाल्यावर साहेबांनी विचारलं होतं, "मग लघुलिपीत तुम्ही नाव ओळखता कसं?" मी वही पुढे सरकवली आणि रेघांचं सांगितलं. साहेबांना लघुलिपीचं ओ की ठो येत नव्हतं. त्यांनी हिरवं पेन घेतलं, वहीवर वाकून एक आकृती शोधली आणि तिच्याखाली काळजीपूर्वक दोन बारीक रेघा ओढल्या. "आता बरोबर?" मी सांगितलं, साहेब, तुमची आकृती चुकली. ते नाव वरच्या ओळीत आहे. त्यांनी पुन्हा ओढायचा प्रयत्न केला नाही, मीही खोडल्या नाहीत. ती वही अजून माझ्याकडे आहे. शाई जरा उडालीय, पण रेघा दिसतात, 'पॅरापेट'च्या खाली. कठडा.